बितपशील

पेशवाईतला एखादा मोडी हिशेब ज्यानं एकदा नीट पाहिला, त्याच्या डोळ्यांसमोरून त्याची मांडणी हलत नाही. वर एकच रक्कम. खाली एकच शब्द, 'बितपशील'. मग ती रक्कम दोन-चार कलमांत फुटते, त्यातलं एखादं कलम आणखी आत सरकून पुन्हा फुटतं, आणि तळाशी पोचेपर्यंत वरच्या आकड्यातला रुपाया न रुपाया कुठं गेला ते कळतं. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच वारले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या नावानं हे मंडळ उभं राहिलं. माझं मोडी बेताचंच. पण आत आत सरकत जाणारी ती कलमं ओळखायला मोडी यावी लागत नाही.

ते कागद मला पुन्हा आठवले जळगावच्या एमआयडीसीत, एका डाळ मिलच्या ऑफिसात. हजेरीचं नवं सॉफ्टवेअर बसवायला पुण्याहून एक मुलगा आला होता. पडद्यावर दोन चौकटी होत्या. एकीत कामाच्या वर्गाचं नाव लिहायचं, दुसरीत तो कुणाच्या पोटात घालायचा ते सांगायचं. दुसरी चौकट भरली की नाव आपोआप एक पाऊल आत सरकायचं. मी मनात म्हटलं, हा तर बितपशील!

"सर, लेव्हल किती ठेवू?" मुलानं विचारलं.

"जास्तीत जास्त किती होतात?" मालक म्हणाले.

"सात."

"मग सात ठेव. पैसे तेवढेच लागणार ना?"

मी त्या खोलीत होतो आणि गप्प बसलो, ही कबुली आधीच देऊन टाकतो. कामाच्या वर्गांचं सात मजली झाड उभं राहिलं: युनिट, इमारत, खातं, पाळी, मशीन, माल आणि सगळ्यात खाली काम. तीन महिन्यांनी पहिला अहवाल काढला तर निम्म्याहून जास्त तास 'इतर' नावाच्या एकाच पानावर लटकलेले. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. सकाळी आठला मुकादमासमोर चाळीस माणसं उभी, हाताला डाळीची पूड, आणि प्रत्येक माणसामागे सात वेळा बोट लावायचं. 'इतर' हे पान यादीत सगळ्यात वर होतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच दाबलं असतं.

हे पुस्तक म्हणजे त्या सात मजल्यांची परतफेड आहे. वीस-पंचवीसपासून तीन-चारशे माणसांपर्यंतचे आपल्याकडचे कारखाने, जिन, वखारी, कंत्राटदारांची ऑफिसं यांत जे हिशेबनीस, टाइमकीपर आणि सुपरवायझर हे काम प्रत्यक्ष करतात, त्यांच्यासाठी ते लिहिलं आहे. सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं हे यात नाही. घेतल्यावर त्यातलं कामाचं झाड कसं लावावं, एवढंच आहे.

आधी एक भेद स्पष्ट करायला हवा. माणूस आला कधी, गेला कधी, हा प्रश्न जुना आणि सुटलेला आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावी विलार्ड बंडी नावाच्या जवाहिऱ्यानं १८८८ च्या सुमारास वेळ छापणारं घड्याळ बनवलं. त्याच्या कंपनीचा प्रवाह पुढे आयबीएमला जाऊन मिळाला. सोनं तोलणाऱ्या माणसाला वेळही तोलावीशी वाटली, याचं जळगावच्या सराफ बाजाराला नवल वाटू नये. पण बंडीचं घड्याळ काय किंवा आज आपल्या गेटवर लटकलेलं बोटाच्या ठशाचं यंत्र काय, दोघांनाही दोनच वेळा ठाऊक: येण्याची आणि जाण्याची. मधले आठ तास कुठं गेले हे सांगण्यासाठी कामाचे वर्ग लागतात. हजेरीवरून पगार निघतो, पण पोत्यामागे मजुरी किती पडली, कोणत्या खात्यात माणसं रिकामी बसली, पुढच्या हंगामाला टोळी किती मोठी लागेल, हे वर्ग असल्याशिवाय निघत नाही.

डाळ मिलचंच घ्या. तुरीचा माल आत आला की सफाई, मग गोटा, तेल-पाणी, वाळवण, भरडा, चाळण, सॉर्टेक्स, भरणी. ही नावं कुणी शिकवलेली नाहीत, मिलमध्ये रोज तोंडी असतात. आणि तरीही त्या पहिल्या झाडात यांतलं एकही नव्हतं! पुण्याच्या मुलानं बरोबर आणलेल्या तयार यादीत 'प्रोसेसिंग वन', 'प्रोसेसिंग टू' आणि 'मटेरियल हँडलिंग' अशी नावं होती. मुकादमाला 'वाळवण' दाखवलं असतं तर त्यानं डोळे मिटून निवडलं असतं. 'प्रोसेसिंग टू' म्हणजे काय, हे विचारायला तो ऑफिसात दोनदा आला, तिसऱ्यांदा आला नाही. झाडाचं सगळ्यात खालचं पान ज्याच्या बोटाखाली येणार, नाव त्याच्या तोंडचं हवं. जिनमध्ये 'रेचा' म्हणतात तर रेचाच लिहा, 'गठाण' म्हणतात तर गठाण. वरच्या फांद्यांना मात्र ऑफिसची भाषा चालते, कारण त्या फक्त ऑफिसच वाचतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. त्यासाठीच हे पुस्तक लिहावंसं वाटलं. कामाची उतरंड आणि माणसांची उतरंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे त्या सर्रास एकात एक कालवल्या जातात. किमान वेतनाच्या १९४८ च्या कायद्याखालच्या अधिसूचनांनी आपल्याला कुशल, अर्धकुशल, अकुशल हे तीन शब्द दिले. महाराष्ट्रात त्यावर परिमंडळांची आणखी एक वाटणी येते. हे शब्द माणसाच्या दराचे आहेत. पण झाड लावायला बसलेला हिशेबनीस पहिल्या पातळीवर तेच तीन शब्द टाकतो, कारण पगारपत्रकात तेच सवयीचे असतात. मग 'अकुशल' फांदीखाली हमाली येते, झाडलोट येते, आणि डाळ निवडायला बसलेल्या बायाही येतात. सॉर्टेक्स यंत्रातून सुटलेला काळा दाणा ज्या नजरेला सापडतो, ती नजर अकुशल. असो.

झाड कामाचं ठेवा, दर माणसाच्या नावावर ठेवा. एवढं केलं तरी काही गोष्टी आपोआप उजेडात येतात. जुन्या मस्टरात 'स्त्री मजूर' आणि 'पुरुष मजूर' अशी दोन स्वतंत्र पानं असत, त्यामुळे दोघांच्या दरातली तफावत कधी शेजारीशेजारी दिसतच नसे. झाडात 'निवडणी' हे एकच पान ठेवलं की त्याखाली दोन दर एकाखाली एक छापून येतात. समान किंवा सारख्या कामाला समान मोबदला हे सूत्र कायद्यात १९७६ पासून आहे आणि २०१९ च्या वेतनसंहितेनंही ते उचललं आहे. एका मालकानं तो अहवाल पाहून मला विचारलं होतं, "हे दोन रकाने पुन्हा वेगळे करता येतील का?" करता येतात. मी केले नाहीत.

कामाचा वर्ग ठरवणं म्हणजे काय चीज आहे, हे पाहायचं असेल तर भुसावळच्या रेल्वे जंक्शनला जावं. रेल्वेनं आपल्या नोकरांच्या कामाच्या तासांसाठी चार वर्ग केलेले आहेत: सतत ताण असलेलं काम, अखंड चालणारं काम, मुळातच अधूनमधून करावं लागणारं काम, आणि या हिशेबातून वगळलेलं काम. माणूस किती शिकलेला, किती वर्षांचा जुना, याच्याशी या वाटणीचा संबंध नाही. दिवसातून चार गाड्या जाणाऱ्या फाटकावरचा गेटमन आणि गजबजलेल्या यार्डातला माणूस वेगळ्या वर्गात पडतात, कारण त्यांच्या कामाची घनता वेगळी आहे. आणि वर्ग बदलला की दिवसाची लांबी बदलते. १९७४ च्या रेल्वे संपातल्या मागण्यांत आठ तासांच्या दिवसाची मागणी होती ती उगीच नव्हे. आपल्या पडद्यावरची ती 'वर्ग निवडा' म्हणणारी यादी निरुपद्रवी वाटते. पण तिच्यातल्या एकेका ओळीला कुणाचा तरी जादा वेळ बांधलेला असतो. जादा वेळेला दुप्पट दर हे सूत्र कारखाने कायद्यात १९४८ पासून होतं आणि नव्या श्रमसंहितेतही टिकून आहे. चुकीच्या फांदीवर टांगलेल्या तासाला तो दर लागत नाही. माणसाला मात्र घरी जायला तेवढाच उशीर झालेला असतो.

काही कामं या झाडात बसतच नाहीत, हेही मान्य करायला हवं. ऊसतोड घ्या. धुळे-नंदुरबारकडून दर हंगामाला आदिवासी कुटुंबं दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे तोडणीला जातात. त्यांच्या हिशेबाचं एकक आहे 'कोयता'. कोयता म्हणजे अवजार नव्हे, माणूसही नव्हे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि वाहते. उचल कोयत्याच्या नावावर, हिशेब टनावर, आणि मुकादमाच्या वहीत नाव एकट्या नवऱ्याचं. आता हजेरीच्या सॉफ्टवेअरला विचारा कोयता कुठं बसवू. त्याला एक माणूस, एक क्रमांक, एक ठसा एवढंच कळतं. मग दोन वाटा उरतात. एक तर एकाच क्रमांकावर दोघांचं काम चढवायचं, म्हणजे वहीतली चूक यंत्रात कायमची कोरायची. नाही तर बाईला स्वतःचा क्रमांक द्यायचा, आणि मग तिचं नाव, तिचे दिवस, तिचं खातं हे सगळं पहिल्यांदा लिहावं लागतं. सॉफ्टवेअरच्या मूर्खपणाचा एवढा चांगला उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

हमालीचा पेच निराळा. बाजार समितीतल्या हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे. काम टोळीनं चालतं आणि मजुरी पोत्यांवर ठरते. तिथं तास मोजून काय करणार? यंत्र मात्र तासच मागत असतं. म्हणून वर्ग तयार करतानाच त्याचं एकक ठरवावं लागतं: हे पान तासांचं आहे की पोत्यांचं, नगांचं की क्विंटलचं. रावेर-यावलकडे केळीचे घड उतरवणाऱ्या टोळ्यांचा हिशेब वजनावर चालतो, पण त्याच केळीच्या फण्या धुऊन खोक्यात भरणाऱ्या बाया रोजावर असतात. माल एक, ठिकाण एक, एककं दोन. टॅली वापरणाऱ्यांना हे नवीन वाटू नये. तिथं हजेरीच्या प्रकारांत उत्पादनावर आधारलेला प्रकार वेगळा काढलेलाच आहे, आणि 'अंडर'समोर 'प्रायमरी' लिहून आपण गेली कित्येक वर्षं झाडंच लावत आलो आहोत. फक्त त्याला कुणी झाड म्हटलं नाही.

आता थोडं झाडाच्या बांधणीबद्दल. सविस्तर पुढं येईलच, पण ज्यांना प्रस्तावना वाचून पुस्तक मिटायची सवय आहे त्यांच्यासाठी इथं थोडक्यात सांगून ठेवतो.

पातळ्या तीन पुरतात: ठिकाण, खातं, काम. तीन ठिकाणं, प्रत्येकात पाच खाती, प्रत्येक खात्यात सहा कामं धरली तरी ९० पानं होतात आणि तीही जास्तच आहेत. त्यात कुणी हौसेनं पाळीची पातळी घातली की २७० झाली. पाळी झाडात घालायचीच कशाला? गेटवरच्या ठशाची वेळ ती सांगतेच. मालाचंही तसंच. 'सफाई'खाली तूर आणि हरभरा, 'भरडा'खाली पुन्हा तूर आणि हरभरा, असं लिहू लागलात की समजावं, माल ही फांदी नव्हे, ती वेगळी चिठ्ठी आहे. ती तासाला बाहेरून चिकटवावी. अमेरिकेत १९७७ साली निघालेली क्रोनॉस ही या धंद्यातली मोठी कंपनी होती. तिच्या जुन्या प्रणालीत श्रमपातळ्या सात होत्या, आणि प्रत्येक तासामागे तिरप्या रेघांनी जोडलेली सात नावं चालत. आमच्या मुलाचा तो सातचा आकडा तिथूनच पाझरत आला असावा, असा माझा संशय आहे. पण ती सोय देशभर शाखा पसरलेल्या रुग्णालयांसाठी आणि दुकानांसाठी होती. धुळ्याच्या अवधान औद्योगिक वसाहतीतल्या साठ माणसांच्या युनिटला तिची गरज नाही.

तास नेहमी पानावर टांगावेत, फांदीवर नाही. 'गोदाम' या खात्यावर थेट चार तास टाकता आले की त्या चार तासांचा बितपशील कायमचा हरवला. आणि 'काम नाही' हे पान हवंच हवं. वीज गेली, माल आला नाही, पट्टा तुटला, ट्रक गेटवर अडकला. खानदेशात हे रोजचं आहे, आणि ज्या झाडात रिकामपणाला जागा नसते त्यात तो वेळ भरडा आणि भरणी यांत मिसळून जातो. एका ठिकाणी भरणीची मजुरी दुपटीनं वाढलेली दिसली म्हणून मालक भरणीच्या मुकादमावर उखडले होते. तो बिचारा दर आठवड्याला जनरेटर दुरुस्त होण्याची वाट बघत बसलेला होता. यंत्रात वाट बघायला पान नव्हतं, म्हणून त्यानं ती भरणीत बघितली.

जुनं पान खुडू नये. बंद करावं, तारखेनिशी. खुडलं की मागच्या वर्षीचे तास पोरके होतात आणि अहवालात कुठल्या तरी अनोळखी अंगणात जाऊन बसतात. बदल करायचाच तर महिन्याच्या एक तारखेला, मोठा बदल असेल तर एक एप्रिलला. आणि पहिला महिनाभर जुनं मस्टर बाजूला चालू ठेवा. लोक हे ऐकतात, मान डोलावतात आणि करत नाहीत.

या सगळ्यात मला एक विचित्र वर्तुळ दिसतं. अमळनेरला २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी निघाली, वनस्पती तूप आणि तेल काढणारी. तेलाच्या त्या कंपनीचं पुढं विप्रो झालं आणि ती सॉफ्टवेअरच्या धंद्यात गेली. त्या धंद्यात माल म्हणजे माणसाचे तास. बेंगळुरूच्या वातानुकूलित खोलीत बसलेला इंजिनियर आठवड्याच्या शेवटी आपले चाळीस तास प्रकल्प, टप्पा आणि काम अशा रकान्यांत वाटून देतो, आणि त्या वाटणीवर परदेशी गिऱ्हाइकाचं बिल निघतं. तोही शुक्रवारी संध्याकाळी कंटाळून 'इतर' दाबतो, असं त्या धंद्यातल्या आमच्या एका भाच्यानं मला सांगितलं. ऐकून फार बरं वाटलं. आमचा मुकादम एकटा नाही.

फरक आहे तो उन्हाचा. इंजिनियरच्या पडद्यावर ऊन पडत नाही. रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर २०२३ च्या सुरुवातीपासून मोबाइलवरची हजेरी सक्तीची झाली, दिवसातून दोनदा फोटोसकट. मे महिन्यात साक्री किंवा शिंदखेड्याच्या माळावर हातातल्या फोनवर काय दिसतं ते एकदा उभं राहून पाहावं. हातानं सावली धरली तर दुसऱ्या हातानं बोट लावता येत नाही. रेंज नसते ती वेगळीच. तुमचं झाड तुम्ही पंख्याखाली लावता. ते वापरलं जाणार आहे त्या उन्हात. म्हणून पुस्तकातल्या प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक काम दिलं आहे: तयार केलेली यादी कागदावर छापा, गेटवर जा, आणि मुकादमाला वाचायला द्या. ज्या शब्दावर तो अडखळेल तो शब्द खोडा.

त्या डाळ मिलमध्ये आम्ही शेवटी झाड नव्यानं लावलं. सातावरून तीन पातळ्या केल्या, पानं चोवीस ठेवली. प्रत्येक माणसाला त्याचं नेहमीचं काम आधीच नेमून दिलं, म्हणजे मुकादमानं फक्त बदल झाला तर बोट लावायचं. 'इतर' ठेवलं, पण यादीत सगळ्यात खाली ढकललं आणि ते निवडलं की दोन शब्दांचं कारण लिहावं लागेल अशी तजवीज केली. पहिल्या आठवड्याचा कागद घेऊन मी मुकादमाकडे गेलो. त्यानं चष्मा लावला, बोट फिरवत चोवीसच्या चोवीस नावं वाचली, कुठंही अडखळला नाही. मग कागद उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली.

"सगळं बराबर शे भो," तो म्हणाला, "पण सकायले ह्या चाळीस जणांची हजेरी लिवाले माले अर्धा घंटा लागस. तो कोठे टाकू?"

पंचविसावं पान त्याच दुपारी घातलं. या पुस्तकाचं पहिलं प्रकरण त्या पानापासून सुरू होतं.